मानेवरचं ओझं

दुपार कलली की सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापडमार्केटांत पार्सलांची घाई सुरू होते. साड्या, ड्रेस मटेरियल, लेहंग्यांचं कापड दाबून आवळायचं, वरून शिवायचं, शाईनं पत्ता घालायचा आणि ते चौकोनी पार्सल दोघांनी उचलून तिसऱ्याच्या वाकलेल्या मानेवर-पाठीवर ठेवायचं. तो तिसरा माणूस मग जिना उतरतो, गर्दीतून वाट काढतो आणि टेम्पोपर्यंत किंवा ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत जातो. सत्तर-ऐंशी किलोंचं पार्सल इथं कुणाला नवल वाटत नाही. सणाच्या आधीच्या दिवसांत हा फेरा रात्रीपर्यंत चालतो. या दिवाळीला तुमच्या-आमच्या घरात आलेल्या साडीनं बहुधा असाच कुणाच्या तरी मानेवरून प्रवास केलेला असतो.

ही माणसं रात्री रेल्वेलाईन ओलांडून लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधन्याच्या खोल्यांत परततात. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थानचे लोक आहेत, तसे नंदुरबार, धुळे, जळगावकडचे आपले लोकही मोठ्या संख्येनं आहेत. तापीकाठच्या रेल्वेनं खानदेश सुरतेला जोडला आणि गेली कित्येक दशकं ती गाडी शेतात भागेना तेव्हा माणसं भरून आणते आहे. लिंबायतच्या गल्लीत अहिराणी कानावर पडते, श्रावणात कानबाई बसते, सुरत महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग आहेत. कुणी लूमवर, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कुणी बांधकामावर, तर कुणी मार्केटात पार्सलं उचलायला. या चारही कामांत शरीराचा जो भाग सगळ्यात आधी झिजतो किंवा एका क्षणात मोडतो तो म्हणजे कणा. मणक्यावरच्या वैद्यकीय संशोधनाकडे म्हणूनच मी या वस्तीतून पाहू इच्छितो. जगात काय शोधलं गेलं हे सांगणं सोपं आहे. त्यातलं काय या गल्लीपर्यंत पोचतं आणि काय पोचायला हवं, हा माझा प्रश्न आहे.

सुरुवात बांगलादेशापासून करू. ढाक्याजवळ सावर इथं पक्षाघात झालेल्यांच्या पुनर्वसनाचं एक केंद्र आहे. व्हॅलरी टेलर या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टनं ते १९७९ साली सुरू केलं. सीआरपी या नावानं ते ओळखलं जातं. तिथल्या डॉक्टरांनी १९९४-९५ मध्ये आलेल्या मज्जारज्जूच्या रुग्णांची कारणं तपासली. उंचावरून पडणं पहिलं, ४३ टक्के. रस्त्यावरचा अपघात १८ टक्के. आणि या दोघांच्या मधे होतं, डोक्यावर जड ओझं घेऊन चालताना पडणं: २० टक्के. श्रीमंत देशांच्या अशा याद्यांत मोटारगाड्या असतात, म्हाताऱ्या माणसांचं घरात पडणं असतं, पाण्यात सूर मारणं असतं. डोक्यावरचं ओझं हे कारण आपल्या बाजूच्या जगाचं आहे. ते कळलं कारण कुणीतरी प्रत्येक रुग्णाला शांतपणे विचारलं, ‘पडलात तेव्हा काय करत होता?’

हे पहिल्यांदाच कळलं होतं असं नाही. १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेव्ही या न्यूरोसर्जननी ‘पोर्टर्स नेक’ म्हणजे हमालाची मान या मथळ्याचा लेख लिहिला. ते तेव्हाच्या ऱ्होडेशियात, आजच्या झिम्बाब्वेत काम करत. डोक्यावर धान्याचं पोतं घेतलेल्या माणसाचा तोल जातो, पोतं एका बाजूला सरकतं, मान त्याच्यासोबत ओढली जाते आणि मणके एकमेकांवरून निसटतात. मज्जारज्जू चिरडायला एवढं पुरेसं असतं. मान ताठ असताना वरून येणारं वजन ती बरंच सोसते. वजन हललं, मान वाकलेली असताना एका अंगाला वळली की मामला संपतो. जिन्याची ओली पायरी, फरशीवर पडलेला प्लास्टिकचा तुकडा, मागून आलेल्या हातगाडीचा धक्का, यातलं काहीही पुरतं.

पण सगळेच हमाल असे एका क्षणात पडत नाहीत. फार मोठी संख्या हळूहळू झिजणाऱ्यांची आहे. वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं मानेच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात, हाडांना काटे फुटतात, मज्जारज्जूची नळी आतून अरुंद होत जाते. वैद्यकशास्त्रात याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. याची फसवी गोष्ट अशी की मान फारशी दुखतेच असं नाही. शर्टाचं बटण लावताना बोटं चुकतात. गाठ मारता येत नाही. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. अंधारात चालताना तोल जातो. माणूस समजतो, अशक्तपणा आला, वय झालं. कुणी मालिश करून घेतो, कुणी मान ‘बसवून’ घेतो, आणि दबलेल्या मज्जारज्जूच्या मानेला झटका देण्याइतकी धोक्याची गोष्ट दुसरी नाही. शिवाय अशा अरुंद झालेल्या नळीच्या माणसाला मोठा अपघात लागत नाही. साधं तोंडावर पडलं तरी हात लुळे पडू शकतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या अनेक देशांच्या एकत्र अभ्यासांनी इतकं स्पष्ट केलं आहे की अशा रुग्णांवर वेळेत शस्त्रक्रिया केली तर झीज थांबते आणि बऱ्याच जणांचं हातापायांचं काम सुधारतं. मात्र फार उशीर झाला तर गेलेलं पुरतं परत येत नाही. म्हणजे बटण न लागणं हे दवाखान्यात जाण्याचं कारण आहे. एवढी एक गोष्ट लिंबायतच्या प्रत्येक घराला माहीत झाली तरी किती हात वाचतील!

ओझ्याच्या मर्यादेचा प्रश्न जगानं १९६७ सालीच विचारात घेतला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं त्या वर्षी माणसानं वाहायच्या वजनाबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा दिला. त्याहून जास्त वजन वाहिलं जात असेल तर ते शक्य तितक्या लवकर त्या आकड्यापर्यंत आणावं, असं ती शिफारस म्हणते. भारतानं हा करार २०१० मध्ये मान्य केला. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यानंही इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये असं सांगितलं होतं. पण मार्केटातलं दुकान म्हणजे कारखाना नव्हे, आणि पार्सल उचलणारा कुणाचा नोकर हे कागदावर सापडत नाही. दुकानदाराचा नव्हे, ट्रान्सपोर्टवाल्याचा नव्हे, तो मुकादमाचा.

महाराष्ट्रात याच प्रश्नावर अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. मंडळात नोंदलेल्या हमालाला त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी मिळाला, दवाखाना मिळाला, अपघाताची भरपाई मागायला एक दार मिळालं. गुजरातनंही १९७९ मध्ये असंरक्षित श्रमजीवींसाठी कायदा केला. नंदुरबारचा माणूस मुंबईकडे वळला की माथाडी होतो आणि सुरतेकडे वळला की नुसता मजूर राहतो, असं मात्र आजही घडतं. सुरतेत कामगारांच्या आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी अलीकडच्या काळात पार्सलाच्या वजनाला मर्यादा घालण्याची मागणी उघडपणे लावून धरली, ही चांगली गोष्ट आहे. माझं मत असं आहे की या एका मागणीत मणक्याच्या सगळ्या औषधांपेक्षा जास्त औषध आहे.

आता पडलेल्या माणसाकडे येऊ. मार्केटात पडलेला, बांधकामाच्या परांचीवरून खाली आलेला, किंवा उत्तरायणाला पतंगाच्या मागे धावत गच्चीवरून कोसळलेला पोरगा. चौदा जानेवारी सुरतेत जितकी आनंदाची, तितकीच १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना धावपळीची. गुजरातमध्ये ही सेवा २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि तिनं असंख्य जीव वाचवले. पण पडलेल्या माणसापाशी आधी पोचतात ते आजूबाजूचे लोक. ते चांगल्या मनानं त्याचे दोन हात, दोन पाय धरतात आणि रिक्षात घडी घालून बसवतात. मणका मोडला असेल आणि मज्जारज्जू अजून शाबूत असेल, तर तो त्या रिक्षात तुटू शकतो. मान आणि धड एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून, फळीवर किंवा पलंगाच्या पाटीवर घेणं एवढंच शिकायचं आहे. लिंबायतला मार्केटाशी जोडणाऱ्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, पावसाळ्यात पाणी भरतं, मीठी खाडी फुगली की वस्तीतही पाणी शिरतं. तेव्हा या चार हातांची जबाबदारी आणखी वाढते.

वेळेला किंमत आहे हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं आकड्यांत मांडलं. कॅनडातले मायकेल फेलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या दुखापतीचे ३१३ रुग्ण पाहिले. काहींवर चोवीस तासांच्या आत शस्त्रक्रिया होऊन मज्जारज्जूवरचा दाब काढला गेला होता, काहींवर त्यानंतर. सहा महिन्यांनी जे तपासता आले त्यांत दोन पायऱ्यांची किंवा त्याहून अधिक सुधारणा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९.८ टक्क्यांत दिसली, उशिरा झालेल्यांपैकी ८.८ टक्क्यांत. पायऱ्या म्हणजे जगभर वापरली जाणारी ‘ए’ ते ‘ई’ अशी प्रतवारी. ‘ए’ म्हणजे दुखापतीच्या खाली ना हालचाल ना संवेदना, ‘ई’ म्हणजे सारं पूर्ववत. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे या अभ्यासावर टीकाही झाली, पण जगभरच्या शल्यचिकित्सकांची सवय त्यानं बदलली.

उलट बाजूची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. दुखापतीनंतर आठ तासांच्या आत मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत दिलं तर हालचाल सुधारते, असं त्यात म्हटलं होतं. लेख छापून येण्याआधीच अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेनं डॉक्टरांना कळवलं, आणि बघता बघता ते जगभर रुजलं, आपल्याकडेही. पुढे लोकांनी आकडे पुन्हा उघडले. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर फायदा दिसत नव्हता. तो दिसत होता आठ तासांच्या आतल्या एका गटात, आणि तोही लहान. जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव मात्र वाढण्याची भीती खरी होती. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी हे औषध देऊ नये असा सल्ला दिला. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण एक चाचणी, एक घाईची घोषणा आणि वीसेक वर्षं लाखो शिरांमधून वाहिलेलं औषध, हा इतिहास पुढच्या प्रत्येक ‘नव्या उपचारा’ची बातमी वाचताना डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

शस्त्रक्रिया झाली. स्क्रू बसले. टाके निघाले. मग माणूस घरी येतो, आणि माझ्या मते खरा विषय इथं सुरू होतो. घर म्हणजे एक खोली, मोरी, वर पत्रा किंवा स्लॅब, आणि नळ बऱ्याचदा सामाईक. बायको साड्यांवर खडे चिकटवण्याचं किंवा लेस लावण्याचं काम घरी आणते. ‘पोऱ्या उभा ऱ्हाई ना, डागदर?’ हा प्रश्न दवाखान्यात शंभर वेळा विचारला जातो. त्वचेचं आणि लघवीचं काय करायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आणि माणसं मरतात ती त्वचेमुळे आणि लघवीमुळे.

पहिल्या महायुद्धात कणा मोडलेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गेले. ते पक्षाघातानं नाही गेले. पाठीवर, कमरेवर पडलेल्या व्रणांतून आणि तुंबलेल्या मूत्राशयातून शरीरभर पसरलेल्या जंतूंनी गेले. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिल इथं लुडविग गुटमान या जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या ज्यू डॉक्टरनी एक वॉर्ड हाती घेतला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, हा नियम त्यांनी कडकपणे पाळायला लावला. मूत्राशयाची काळजी, व्यायाम, आणि माणसाला काहीतरी काम. मरायला ठेवलेली माणसं जगू लागली. १९४८ मध्ये त्याच आवारात त्यांच्या क्रीडास्पर्धा झाल्या आणि त्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की ठरावीक वेळांनी स्वतःच्या हातानं नळी घालून मूत्राशय रिकामं करता येतं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. कायम घालून ठेवलेल्या नळीपेक्षा ही रीत मूत्रपिंडं जास्त चांगली वाचवते. लिंबायतच्या खोलीत आजही चालण्यासारखे हे दोन शोध आहेत. दोन्हींना वीज लागत नाही.

गुटमान यांची परंपरा महाराष्ट्रातही रुजली. पुण्याच्या खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ मध्ये उभं राहिलं. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था त्याच्याही आधीपासून, १९५५ पासून आहे. आणि सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पक्षाघात झालेला हा सैनिक १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पेटकरांची जिद्द अफाट होतीच, पण तिच्यामागे लष्कराचं रुग्णालय होतं, पोहायला तलाव होता, पगार-पेन्शन होतं. पार्सलखाली पडलेल्या माणसाची जिद्द कमी असते असं कोण म्हणेल? त्याच्यामागे उभं राहणारं काही नसतं.

सावरच्या केंद्रानं हाच प्रश्न चाचणीला लावला, आणि मला ती चाचणी फार मोलाची वाटते. घरी सोडलेले व्हीलचेअरवरचे रुग्ण, विशेषतः गरीब घरांतले, पहिल्या काही वर्षांत दगावतात आणि दाबव्रणांतला संसर्ग हे त्यातलं मोठं कारण असतं, हे आधीच्या पाहणीत दिसलं होतं. तेव्हा बांगलादेशी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मिळून ४१० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला दोन वर्षं नियमित फोन आणि घरी काही भेटी; दुसऱ्याला नेहमीची व्यवस्था. निष्कर्ष असा की दोन्ही गटांत मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. फोननं फरक पडला नाही. हा निकाल निराश करणारा वाटेल, पण त्यांनी तो लपवला नाही. मी त्यातून इतकं समजतो की आधाराचे शब्द पुरत नाहीत. व्रण पडला तर त्याच आठवड्यात भरती करून घेणारी खाट, बदलून मिळणारी गादी, नळ्या आणि घरात येणारे पैसे लागतात. हे माझं अनुमान आहे, आणि ते खरं की खोटं हेही चाचणीनंच ठरवावं लागेल.

कणा निकामी करणारा आणखी एक शत्रू या दाट वस्त्यांत आहे, तो म्हणजे क्षय. मणक्याचा टीबी. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यचिकित्सकानं १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपचार म्हणजे महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये झोपवून ठेवणं, नाहीतर छाती उघडून मोठी शस्त्रक्रिया. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनं साठच्या दशकात कोरिया, हाँगकाँग, ऱ्होडेशिया आणि पुढे मद्रास इथं चाचण्या केल्या. मासान या कोरियन शहरात सहा महिने खाटेवर ठेवलेले आणि घरी राहून गोळ्या घेणारे यांची तुलना केली; फरक आढळला नाही. बुसानमध्ये प्लास्टर घातलेले आणि न घातलेले पाहिले, फरक नाही. योग्य गोळ्या पुरेसे दिवस घेतल्या तर माणूस कामावर जाता-जाता बरा होऊ शकतो, हे सिद्ध झालं. इकडे वाराणसीत डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये आपला ‘मधला मार्ग’ मांडला: सगळ्यांना औषधं, आणि शस्त्रक्रिया फक्त ज्याला खरंच लागेल त्याला. भारतीय डॉक्टरनी भारतीय वॉर्डातून जगाला दिलेली ही शिकवण आहे. कित्येक आठवडे न जाणारी पाठदुखी, रात्रीची दुखणी, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन असं असेल तर ते ओझ्याचं दुखणं समजू नये. टीबीचं निदान आणि औषधं सरकारी केंद्रात फुकट आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना हजार रुपये मिळतात. लुळेपणाच्या कारणांत पूर्ण बरं होण्याची चांगली शक्यता असलेलं हे एक कारण आहे.

आता आशेच्या बाजाराबद्दल बोलायला हवं. ‘स्टेम सेल’ हा शब्द आज खेड्यापर्यंत पोचला आहे. गावाकडचं शेत विकून, दागिने मोडून, कर्ज काढून माणसं लाखो रुपये या सुयांत घालतात. त्यात मी कुटुंबांना दोष देणार नाही; अंथरुणावर तरणा मुलगा असताना कोण आशा सोडेल? पण संशोधन काय म्हणतं तेही ऐकलं पाहिजे. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरमध्ये डॉ. एच. एस. छाब्रा आणि सहकाऱ्यांनी नाकातल्या अस्तराचं रोपण आणि पुढे अस्थिमज्जेच्या पेशींचं रोपण या दोन्हींच्या प्राथमिक चाचण्या रीतसर केल्या, आणि ठोस फायदा आढळला नाही असं प्रामाणिकपणे छापलं. नाकाच्या अस्तराच्या रोपणाची मूळ लाट पोर्तुगालमधली. तिथं उपचार घेतलेल्या एका अमेरिकन तरुणीच्या मणक्यात आठ वर्षांनी चिकट द्रव तयार करणारी गाठ वाढलेली सापडली, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जा-रोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून ओळखायची खूण सोपी आहे: पैसे मागितले की ते संशोधन नव्हे.

खरं संशोधन पुढे जातं आहे, आणि त्याचा आनंद मी लपवणार नाही. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठानं चार रुग्णांचे निष्कर्ष सांगितले. प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या आयपीएस पेशींपासून तयार केलेल्या चेतापेशींच्या पूर्वपेशी त्यांच्या मज्जारज्जूत सोडल्या होत्या. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत; दोघांत सुधारणा दिसली, त्यातला एक जण आधाराविना उभा राहू शकला; दोघांत फरक पडला नाही. पण चारच माणसं, तुलनेला दुसरा गट नाही. पहिल्या काही महिन्यांत काही रुग्ण आपोआपही सुधारतात, त्यामुळे श्रेय पेशींचं किती हे अजून सांगता येत नाही. लोझानमध्ये ग्रेगवार कोर्टिन आणि जोसलिन ब्लॉक यांच्या गटानं मज्जारज्जूवर विजेचे सूक्ष्म झटके देऊन २०१८ मध्ये जुन्या रुग्णांना पावलं टाकायला लावली. २०२३ मध्ये त्यांनी मेंदूतले संकेत थेट त्या यंत्राला जोडले. मानेच्या दुखापतीनं हात कमजोर झालेल्यांसाठी त्वचेवरून विद्युत-उत्तेजन देणाऱ्या यंत्राची साठ जणांवरची चाचणी २०२४ मध्ये छापून आली. व्यायामासोबत ते वापरल्यावर ७२ टक्के जणांत ताकद आणि काम दोन्ही सुधारलं, आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. शस्त्रक्रिया न लागणारं असं यंत्र स्वस्त झालं तर ते सुरतेपर्यंत येऊ शकतं. मात्र ते ज्याच्यापर्यंत यायचं तो माणूस तोवर जिवंत आणि व्रणमुक्त असायला हवा.

कुणी तुम्हाला मणक्याच्या चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर घाबरू नका, आणि भुलूही नका. भारतात औषधांची प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा. संमतिपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा, मराठीत मागा. त्याची प्रत घरी न्या, शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणाकडे, हे त्यात लिहिलेलं असतं. नको वाटलं तर मधेच बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

आणि जे संशोधन इथंच व्हायला हवं, त्याबद्दल एक मागणं. वाट दाखवणारं उदाहरण महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावकऱ्यांनाच त्यांचे त्रास विचारले, तेव्हा पाठ-कंबरदुखी ठळकपणे पुढे आली. मग मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे शल्यचिकित्सक तिथं जाऊ लागले, आणि गावात पाठदुखीनं किती माणसांचं काम थांबतं याची घरोघर मोजणी झाली. मोठ्या शहरांतले मणक्याचे डॉक्टर आणि जंगलातली गावं एकत्र आली, कारण विचारण्याची सुरुवात लोकांपासून झाली.

लिंबायतपासून महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय जवळ आहे, मजुरा गेटला नवी सिव्हिल आहे, दोन्हींना वैद्यकीय महाविद्यालयं जोडलेली आहेत. मणक्यासाठीच असलेली सरकारी संस्था अहमदाबादच्या सिव्हिल आवारात आहे, पण ती अडीचशे किलोमीटरांहून दूर. मार्केटातल्या व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे, त्यात आपले खानदेशी व्यापारीही आले: ५५ किलोंहून जड पार्सल बांधू नका, एकाची दोन करा. आणि या दोन्ही रुग्णालयांतल्या प्राध्यापकांना विनंती आहे की मणक्याची दुखापत घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाची एक वही ठेवा. पडताना तो काय करत होता, मानेवर किती किलो होते, दवाखान्यात किती तासांनी आणि कशात घालून आणला, हे त्यात लिहा. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी, वर्षानं आणि दोन वर्षांनी तो जिवंत आहे का, त्याला व्रण आहे का, तो कमावतो का, हेही विचारा. तो गावी परतला असेल तर नंदुरबार-जळगावच्या सिव्हिलला विचारा. त्याला परदेशी निधी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधाला विषय हवाच असतो. या वर्षी हा विषय द्या.